मामांच्या काठाला लागलेली माती

आपोआप चालत आलेल्या गोष्टीचा आमच्या मामांइतका धसका घेतलेला माणूस अख्ख्या कृष्णाकाठी झाला नसेल. ते माझ्या आईचे मावसभाऊ. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, आणि कराडच्या खाली नदीला लागून उसाचं रान असलेले. दारात काही आलं की माणसं खूश होतात; मामा मात्र ते कुणाचं, याच्या तपासाला लागत. शेजारणीची कोंबडी त्यांच्या गोठ्यात अंडं घालून गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या ठोक्याला मामा ते अंडं ओंजळीत धरून तिच्या दारात ताठ उभे. एकदा ती वैतागून म्हणाली, “आवं सुभेदार, खावा की एखादं! कोंबडी काय फिर्याद करणार न्हाई.” मामा म्हणाले, “कोंबडीचं सोड. माज्या जिवाला कोण समजावणार?” पूर ओसरला की काठाला लागलेले भोपळे, डबे, एकदा तर एक अख्खी बाज सायकलला बांधून ते वरच्या अंगाच्या गावांतून “ही कुणाची?” म्हणत हिंडले. बाजेचा मालक तिसऱ्या दिवशी सापडला. मोडकी म्हणून त्यानंच ती पाण्यात सोडली होती. मामांनी ती त्याच्या अंगणात बसून नीट विणून दिली, आणि मगच घरी आले.

पण सायकलला बांधता येणार नाही अशीही एक गोष्ट नदीनं त्यांना दिली होती, ती म्हणजे जमीन. पात्र सावकाश पलीकडं सरकत होतं. पैलतीराची दरड ढासळायची आणि मामांच्या काठाला दरसाल गाळाचा नवा पट्टा लागायचा. आमच्याकडं त्याला मळई म्हणतात. होता होता ती वीस-पंचवीस गुंठ्यांची झाली. त्यात वांगी अशी यायची की विचारू नका. मामींनी ती भरून केली की मामा मुकाट्यानं वाटी बाजूला सारत आणि चटणीशी भाकरी खात. कारण पैलतीरावर एक आक्का राहत होत्या. सत्तरीला टेकलेल्या, विधवा, एकट्या. नदीनं खाल्लेलं रान त्यांचं होतं.

मी तेव्हा पंचवीस वर्षांची. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. कोल्हापूरहून वकिलीची परीक्षा देऊन आले होते आणि कराडच्या कोर्टात एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली नुकतीच उभी राहू लागले होते. कोट कडक इस्त्रीचा आणि आवाज त्याहून कडक. मामा ऑफिसात आले, टोपी काढून बसले नि म्हणाले, “पोरी, ती माती आक्कांची हाय. कागद कर.”

मी पुस्तक न उघडता कायदा सांगितला. पुस्तक न उघडल्याचा केवढा तो अभिमान! नदी कणाकणानं जे काठाला साठवते ते काठवाल्याचं. एवढ्याशा तुकड्यावर सरकार सारासुद्धा मागत नाही. शिवाय गाळ काय, महाबळेश्वरापासून कुठूनही आलेला असेल. तो आक्कांचाच, हे कोर्टात सिद्ध होणार नाही.

“मला शिद्ध कुठं करायचंय? मला ठावं हाय,” मामा म्हणाले. मग टोपी हातात फिरवत, आवाज उतरवून, “परवा डाक्टरनं छातीला नळी लावून बघितलं. लय काय बोलला न्हाई. माज्या माघारी पोरं म्हणतील, आमचंच. मग ते कायमचं आमचं हुईल बघ.”

तुकडेबंदीच्या कायद्यामुळं तेवढीच जमीन तोडून देता येत नव्हती. तेव्हा तिचं उत्पन्न आक्कांसाठी ट्रस्ट करून बाजूला ठेवायचं ठरलं. आता, उत्पन्न साठवत ठेवायलाही कायद्यात मुदत असते: देणाऱ्याची हयात किंवा अठरा वर्षं, जे जास्त असेल ते. कायदा एवढं देतोय तर एक दिवस तरी का सोडा, म्हणून मी पुरती अठरा वर्षं घातली. साठलेल्या रकमेच्या व्याजावर कर कुणी भरायचा, यावर वर आणखी दोन कलमं. वकीलसाहेबांनी मसुदा वाचून एवढंच विचारलं, “बाईंचं वय काय?” मी म्हणाले, “त्याची कागदात गरज नाही, सर.” त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि विड्याचं पान लावायला घेतलं.

गूळ करायच्या मोठ्या काहिलीत बसून आम्ही नदी ओलांडली, मी त्या कोटासकट. आक्कांच्या अंगणात मी कागद खड्या आवाजात वाचला. आक्कांनी शेवटपर्यंत ऐकलं.

“लय झ्याक वाचतीस गं. पर मला कवा?”

“अठरा वर्षांनी,” मी म्हणाले, आणि म्हणता म्हणता मनातल्या मनात सत्तरात अठरा मिळवले.

आक्कांनी मामांकडं पाहिलं. “सुभेदार, हिला म्हणावं यमाला बी एक नोटीस काढ. अठरा वर्सं कड काढ म्हणावं त्येला.”

मामा हसले नाहीत. “चुकलं, आक्का. तुमी सांगा, ती लिवील.”

आक्कांनी नदीपलीकडं बघितलं. “साठवू नगा काय. दरसाल येईल ते घीन. पर वरसातनं एकदा मला त्या रानात बसू द्या. माज्या मालकानं नांगरलेली माती हाय ती. हितनं नुसती दिसतीया.”

मांडीवर कागद ठेवून मी अठरा वर्षं खोडली. वकिलीतलं माझं ते पहिलं शहाणपणाचं काम, आणि तेही दुसऱ्याच्या सांगण्यावरून. पुढच्या आठवड्यात कागद नोंदला. त्या संध्याकाळी मामांनी दोन भाकरींबरोबर भरल्या वांग्याची वाटी पुसून खाल्ली, असं मामी सांगत.

तीन वर्षं आक्का येत राहिल्या. त्या मळईत बसलेल्या असेपर्यंत मामा आत पाऊल टाकत नसत. बांधावर उभे राहत, परक्याच्या दारात उभं राहावं तसे.

चौथ्या वर्षी मामा गेले. आक्का आल्या तेव्हा मीही गेले होते, कागद पिशवीत घालून, भांडायच्या तयारीनं. आक्का मळईच्या कडेला थांबल्या. आत मामांचा थोरला मुलगा पाणी पाजत होता. “येऊ का रं बाळा?” त्यांनी विचारलं.

तो फावडं टाकून पुढं आला. “आवं आक्का, इचारता काय? तुमचंच हाय.”

पिशवी उघडावी लागली नाही. निघताना मी वळून पाहिलं. आक्का वाफ्यात बसून देठं सांभाळत वांगी खुडत होत्या. बांधावर कुणीच नव्हतं.