बहिऱ्याची साक्ष

सातव्या वर्षी मला मोठा ताप आला आणि जाताना माझे दोन्ही कान घेऊन गेला. बोलणं राहिलं, समज राहिली, जगाचा आवाज तेवढा बंद झाला. शिरपूरच्या अलीकडे तापीकाठी आमचं गाव. गावात लोकल बोर्डाची चौथीपर्यंतची मराठी शाळा आणि तिला एकच मास्तर. माझ्या बहिरेपणावर त्यांनी दोन उपाय शोधले होते. एक मोठ्यानं ओरडणं आणि दुसरा कान पिळणं. पिळला की कान उघडतो, असं त्यांचं शास्त्र होतं. चार वर्षांत माझ्या कानांचा मला काही उपयोग झाला नाही, पण मास्तरांना पुष्कळ झाला.

मी तोंडं वाचायला शिकलो होतो. कुणी शिकवलं नाही. माय चुलीपुढं बसून बोलायची आणि मी तिच्या ओठांकडे बघत राहायचो, त्यातून जमलं. समोरचा माणूस तोंड दाखवून बोलला की मला सगळं कळायचं. म्हणून शाळेकडे माझं मागणं एकच होतं, पहिल्या रांगेतली जागा.

पण आमच्या शाळेत मुलं नंबरानं बसत. मास्तर प्रश्न विचारत. ज्याला उत्तर आलं तो वर सरकायचा, ज्याला आलं नाही तो खाली. मी शेवटच्या रांगेत, भिंतीला पाठ लावून. तिथून मास्तरांचं तोंड दिसायचं नाही, म्हणून प्रश्न कळायचा नाही, म्हणून नंबर चढायचा नाही, म्हणून तोंड दिसायचं नाही. ही न्यायाची चक्की खात्यानं बसवून दिली होती आणि मास्तर ती इमानानं फिरवत होते.

एकदा माय शाळेत आली. पदर खोचून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मास्तर, मना पोऱ्या बहिरा शे, येडा नही शे. तुमनं तोंड दिसनं का त्याले बठ्ठं समजस. त्याले पुढे बसाडा."

मास्तर म्हणाले, "अक्का, माझ्या हातात असतं तर कडेवर घेऊन शिकवलं असतं. पण नंबराचा नियम खात्याचा. दिप्टींनी लिहून दिलं तर उद्या पुढं बसवतो."

दिप्टी म्हणजे शाळा तपासायला वर्षातून एकदा धुळ्याहून येणारे साहेब. त्यांचं लिहिणं मिळवायचं तर आधी त्यांच्या नजरेला पडायला हवं, आणि तिथंच तर मेख होती. तपासणीच्या दिवशी आम्ही तीन अधू पोरं शाळेत नसायचोच. पटावर आम्ही असायचो, कारण पट भरलेला दिसावा लागे. शाळेत नसायचो, कारण निकाल चांगला दिसावा लागे. आमच्यासाठी मास्तरांनी खास शिक्षण योजलं होतं, दिप्टींच्या जेवणाची तयारी. पाय अधू असलेल्याला विहिरीवरून पाणी आणायला धाडत. नजर अधू असलेल्याला तांदळातले खडे वेचायला बसवत. मला मळ्यात कपाशीच्या काड्या पेटवून भरताची वांगी भाजायला लावत. वांगं भाजताना ऐकावं लागत नाही, एवढा विचार मात्र मास्तरांनी केला होता. दिप्टींच्या दाताखाली दर वर्षी खडा यायचा आणि दर वर्षी ते शाळेला 'समाधानकारक' लिहून जायचे.

मी चौथीत होतो त्या वर्षी मायनं मळ्यात येऊन माझ्या हातातलं वांगं काढून घेतलं, पदरानं माझं काळं तोंड पुसलं आणि मला थेट शाळेत नेऊन बसवलं. दिप्टी खुर्चीवर बसले होते. त्यांच्यासमोर मला हाकलायची मास्तरांची छाती झाली नाही. चौथीची पोरं साहेबांपुढं एका ओळीत बसवली होती, त्यामुळे जन्मात पहिल्यांदा मी शाळेत पुढं बसलो.

दिप्टींनी खानदेशातल्या नद्या विचारल्या. पहिल्या नंबरचा पोरगा तोंड उघडं टाकून बघत राहिला. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? तेवढ्यात मला मास्तर दिसले. ते साहेबांच्या खुर्चीमागं अदबीनं उभे होते आणि आवाज न काढता, ओठ ताणताणून उत्तर सांगत होते. तापी, गिरणा, पांझरा, बोरी. ऐकत्या पोरांना त्यातलं ओ की ठो कळेना. मला असं स्वच्छ शिकवणं चार वर्षांत मिळालं नव्हतं. मी हात वर केला आणि चारी नद्या म्हणून दाखवल्या.

मग सतरा नव्वे किती, सातपुड्याच्या पलीकडे काय, पहिल्या पानावरची कविता. मास्तरांचे ओठ हलत होते आणि मी सांगत होतो. दिप्टी खूश झाले. तेवढ्यात माय पुढं झाली आणि हात जोडून म्हणाली, "साहेब, पोऱ्या बहिरा शे. त्याले पुढे बसाडा, इतलं लिखी द्या."

दिप्टींनी माझ्याकडे बघून विचारलं, "काय रे, तुला ऐकू येत नाही?"

"नाही," मी लगेच म्हणालो.

सारी शाळा हसली. दिप्टींच्या कपाळाला आठी पडली. "मग उत्तरं कशी दिलीस?"

खरं सांगितलं असतं तर मास्तरांची नोकरी गेली असती. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचं तोंड पांढरंफटक पडलं होतं आणि ओठ हलत होते. "सांगू नको. पुढं बसवतो. शप्पथ." मी मान खाली घातली आणि गप्प राहिलो. मला त्यांची दया आली होती, याचा आज लिहितानाही राग येतो.

साहेबांनी शेरेबुकात, म्हणजे तपासणीचं मत लिहायच्या वहीत, लिहिलं: मुलास उत्तम ऐकू येते, बहिरेपण ढोंग आहे. मग ते भरीत खायला गेले.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो. मास्तरांनी दंडाला धरून मला मागं नेलं. मी घरी सांगितलं, तशी माय तरातरा शाळेत आली. "तुम्हीन सबद दिना व्हता, मास्तर."

"शब्द? कुणी ऐकला?"

"मना पोऱ्यानी."

मास्तर हसले, मग वर्ग हसला. बहिऱ्यानं ऐकलं म्हणे! हसणारी तोंडं वाचायला काही शिकावं लागत नाही. माय हसली नाही. तिनं माझं दप्तर उचललं, माझा हात धरला आणि आम्ही घरी आलो. माझी शाळा तिथं संपली.

पुढं मी जळगावला एका छापखान्यात खिळे जुळवायला लागलो. हातातला मजकूर बघायचा आणि अक्षर अक्षर लावायचं, तिथं माझ्या कानांवाचून कुणाचं अडलं नाही. एक दिवस आमच्या गावाहून मानपत्राचा मजकूर आला. मास्तर निवृत्त होत होते. त्यात लिहिलं होतं की गुरुजी शब्दाचे पक्के आहेत आणि अधू मुलांवर त्यांनी पोटच्या पोरासारखी माया केली. ते सगळं मी जुळवलं, एकही चूक केली नाही.

प्रूफ बघायला मास्तर स्वतः आले. थकले होते, मिशा पिकल्या होत्या. मालकांशी बोलता बोलता त्यांची नजर माझ्यावर पडली. त्यांनी ओळखलं. मग खांद्यावरचं उपरणं उचलून त्यांनी तोंडावर धरलं आणि पुढचं बोलणं उपरण्याआडून केलं.