एका वेळी एकच बदल

माझ्या थोरल्या जाऊबाई शाळेत विज्ञान शिकवतात आणि आमच्या घरात त्यांच्यावाचून पान हलत नाही. दूध नासलं तर सासूबाई त्यांना विचारणार, नळ गळायला लागला तर माझा नवराही त्यांच्याकडेच धावणार. माझा नुसता जळफळाट व्हायचा. मला दिवस गेले तेव्हा वाटलं, आता तरी माझा भाव वधारेल. जाऊबाईंना मूलबाळ नाही. पण सगळं घर त्यांच्या तंत्रानं चालताना पाहून धास्ती वाटायची, की माझं बाळही त्यांचंच होऊन बसेल.

दिवस भरत आले आणि एका दुपारी पोटात कळा सुरू झाल्या. सासूबाईंनी घाबरून सगळं एकदमच केलं. पाणी पाजलं, कुशीवर निजवलं, कंबर शेकली. कळा थांबल्या. शाळेतून आल्यावर जाऊबाईंनी कपाळाला हात लावला. कशानं थांबल्या ते आता कळायचं कसं, म्हणाल्या. मग आम्हा दोघींना धडाच दिला. एका वेळी एकच गोष्ट मुद्दाम बदलायची, प्रयोगात तिला 'स्वतंत्र चल' म्हणतात. बाकी सगळं होतं तसंच ठेवायचं. मी काय यांची परीक्षानळी होते?

दुसऱ्या दिवशी पुन्हा कळा आल्या. जाऊबाई नेमक्या रजा टाकून घरी. आधी मला नुसतं चालवलं, मग नुसतं निजवलं, मग नुसतं पाणी दिलं. कळा थांबेनात. उलट लवकर लवकर यायला लागल्या, कंबरेतून पोटाकडे, आधीपेक्षा जोरात.

"काहीही बदललं तरी थांबत नाहीत, म्हणजे खऱ्या आहेत," त्या म्हणाल्या. "चल, निघू या."

दवाखान्याच्या वाटेवर गाडीतच पाणमोट फुटली. जाऊबाईंचं पुन्हा बरोबर निघालं, याचा राग मला त्या कळांमध्येही आला.

मुलगी झाली. संध्याकाळी ती रडायला लागली ती थांबेचना. सासूबाईंनी घेतली, नवऱ्यानं घेतली, जाऊबाईंनीही घेतली. शेवटी जाऊबाईंनी दिवा, दुपटं, काही न बदलता तिला माझ्या हातांत ठेवलं. पोरगी गप्प झाली. मला आभाळ ठेंगणं झालं.

जाऊबाईंनी हात पुढे केले.

"एकदा झालं, त्याला निष्कर्ष म्हणत नाहीत. परत दे जरा."

आवाज कापत होता. म्हणजे या घरात जळणारी मी एकटी नव्हते.

मी मुलगी दिली, पण दुपट्याचं टोक मुठीत धरून ठेवलं.