बाजरीच्या दाण्याएवढं अंतर

माझा नवरा म्हणतो, हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. बरोबरच आहे त्याचं. भाजी करपली तर वास सुटायच्या आत मी सांगून मोकळी होते, आणि दुसऱ्याची करपली तर त्याहून आधी. पण एक तीळ आहे — वीस वर्षांहून जुना — जो मी ना नवऱ्याजवळ काढला, ना आईजवळ, ना दरवर्षी कपिलधारला जाऊन देवासमोर. तुमच्याजवळच का काढते आहे? खरं सांगू, मलाही नीट माहीत नाही. पण आता सुरू केलंय तर पुरं करते.

आधी एवढं ऐकून घ्या, की मी माझ्या कामात पटाईत होते. उगाच लाजून काय करायचं? बीडमध्ये आमचं किराणा दुकान. त्या गल्लीत कॉम्प्युटर शिकलेली मी पहिली मुलगी. एसटीडीच्या पिवळ्या पाट्या गल्लोगल्ली लागल्या होत्या आणि कुठल्या कुठल्या खाजगी कंपन्या जमिनीखालून केबल टाकायला निघाल्या होत्या, त्या वर्षांतली ही गोष्ट. खाली साड्यांचं दुकान आणि वर आमचं सर्वेचं ऑफिस. बघायला लोक वर यायचे — मला नाही, कॉम्प्युटरला. पण तो चालवत होते मीच, त्यामुळे थोडा तोरा मलाही चढायचा. थोडा? चांगलाच.

आमच्याकडे काम आलं होतं मांजरसुंब्यावरून धारूरच्या घाटाकडे जाणाऱ्या एका केबलचं. रस्त्यालगत कुठे पूल आहे, कुठे विहीर, कुठे खडक — हे सगळं नकाशावर आणायचं. जागेवर जायचे हमीदभाई. त्यांच्या घरात सगळे मेकॅनिक. हे एकटेच हातात पान्ह्याऐवजी पिवळं जीपीएस यंत्र घेऊन डोंगर हिंडायचे. माझ्याहून मोठे, तरी मला ताई म्हणायचे. त्यांची एक पद्धत होती. ज्या जागेचं माप घेतलं, तिथे तीन दगड एकावर एक रचायचे आणि वर ओंजळभर चुना ओतायचा. कशाला हो, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "खोदायला येणाऱ्यानं कुटं शोधत बसायचं, ताई?"

आता जरा कामाचं सांगते, कंटाळू नका. ते यंत्र आकाशातल्या उपग्रहांवरून जागेचा पत्ता सांगतं. आणि आपले सरकारी नकाशे काढलेले इंग्रजांच्या काळातल्या मोजणीवर. पृथ्वीचा आकार आणि मध्य दोघांनी वेगवेगळा धरलेला. म्हणजे विहीर एकच, पण तिचे पत्ते दोन. हमीदभाई आणायचे नवा पत्ता, मी करायची त्याचा जुना. त्यासाठी एक प्रोग्राम होता — चित्रं नाहीत, बटणं नाहीत, नुसता काळा पडदा. त्यावर एक लांबलचक ओळ लिहायची: कुठल्या पद्धतीतून, कुठल्या पद्धतीत, आणि शेवटी तीन आकडे — एका पृथ्वीवरून दुसरीवर जाताना किती सरकायचं ते. एंटर दाबलं की खाली नवे आकडे झरझर उतरायचे. ती ओळ मला तोंडपाठ होती. लोक बघत असले की मी मुद्दाम कागदाकडे न बघता लिहायची.

त्या दिवशीही तशीच लिहिली. आणि शेवटचे तीन आकडे राहिले.

प्रोग्रामने काही म्हटलं का? नाही. तुम्ही सरकायला सांगितलं नाही, तर तो सरकवत नाही, आणि कुरकुरही करत नाही. आकडे उतरले, मी ते नकाशावर मांडले, आणि जेवायला घरी गेले.

दोन दिवसांनी पुण्याहून कंपनीचे साहेब आले. नकाशा टेबलावर पसरला आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली. रस्त्यावरचे पूल रस्ता सोडून डोंगरात! विहिरी उतारावर लटकलेल्या! घाटात शंभर-दीडशे मीटर म्हणजे एक अख्खी दरी इकडची तिकडे. साहेबांना दुसरं काही सुचलंच नाही, कारण येताना त्यांनी मांजरसुंब्याच्या धाब्यावर हमीदभाईंची मोटारसायकल उभी पाहिली होती. "हा माणूस जागेवर गेलेलाच नाही," ते म्हणाले. "चहा पीत बसून आकडे भरलेत."

आणि मी — मी नकाशा पाहत होते. साहेबांनी पाहिलं ते मीही पाहिलं, पण मला त्याहून जास्त दिसलं. सगळ्या खुणा चुकल्या होत्या, पण सगळ्या एकाच दिशेला, वायव्येला, आणि सगळ्या सारख्याच. नकाशावर ते अंतर बाजरीच्या दाण्याएवढं होतं; प्रत्येक खुणेला तेवढंच. मनाने आकडे भरणारा माणूस असा शिस्तीत चुकतो का? एक इकडे पडला असता, दुसरा तिकडे. चूक कुठली आहे आणि कुणाची आहे, हे मला तिथल्या तिथे कळलं. साहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आधी.

मी गप्प बसले.

घाबरले होते असं म्हणू का? ते बरं दिसेल, पण तसं नव्हतं. नोकरी जाणार नव्हती. तो प्रोग्राम चालवणारं दुसरं होतं कोण? चूक सांगितली असती तर साहेब हसून म्हणाले असते, करा परत. पण जिन्यातून वर येतानाच ते म्हणाले होते, "बीडसारख्या ठिकाणी एवढं काम करणारी मुलगी!" — आणि ते सगळ्या ऑफिसने ऐकलं होतं. ते शब्द मला परत द्यायचे नव्हते. एवढंच होतं बघा.

हमीदभाईंना बोलावलं. ते दारात उभे राहिले, पायातल्या चपलांवर अजून घाटातली माती. "अल्लाकसम साहेब, मी गेलतो. गाडी धाब्यावर लावून पायी गेलतो, विहिरी-कड्यापतूर गाडी जात न्हाई." साहेबांनी हात झटकला. मग हमीदभाई माझ्याकडे वळले. त्यांना वाटलं असेल, ही आपली आहे. "ताई, तुमच्या मशिनीत कायतरी गडबड झाली आसंल. बगा ना जरा."

मी म्हणाले, "मशीन चुकत नसतं, हमीदभाई."

ते माझ्याकडे पाहत राहिले. रागाने नाही — जरा गोंधळून, स्वतःवरच शंका आल्यासारखे. मग त्यांनी ते पिवळं यंत्र गळ्यातून काढलं, दोरी नीट गुंडाळली आणि टेबलावर ठेवून जिना उतरले.

इथपर्यंतचं कदाचित तुम्ही पोटात घालाल. घाईत माणूस बोलून जातो. पण पुढचं घाईत झालं नाही.

साहेबांनी नवा माणूस नेमला, धारूरकडचा मारुती. तो सगळा घाट फिरून परत आला आणि माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "मॅडम, तिथं तं जागोजागी आधीच तीन-तीन दगड रचून चुना टाकलेला हाय. कावून बरं?"

विचार करा. परमेश्वराने दार ठोठावलं म्हणतात ते आणखी वेगळं काय असतं? साहेब आतल्या खोलीत होते. मी नुसता आवाज दिला असता तरी पुरे होतं.

"रस्त्याच्या कामवाल्यांचा असेल," मी म्हणाले. मारुतीने मान हलवली. त्याला काय, मॅडम म्हणतात म्हणजे असेल.

या वेळी ती ओळ मी कागदावर बघून लिहिली, शेवटच्या तीन आकड्यांसकट. मारुतीच्या खुणा रस्त्यावर अशा बसल्या की साहेब खूश. "बघा, प्रामाणिक माणूस जागेवर गेला की कसं होतं," ते म्हणाले. मीही हसले — हो, हसले मी.

सगळे जेवायला गेल्यावर हमीदभाईंचे जुने आकडे मी काढले आणि त्याच नीट ओळीतून सोडले. ते मारुतीच्या खुणांवर जाऊन बसले. पुलावर पूल, विहिरीवर विहीर. एकही जागा सुटली नव्हती, अगदी कड्याजवळची सुद्धा, जिथे मी त्यांच्या जागी असते तर खालूनच अंदाज घेतला असता. मी पाहिलं, खात्री करून घेतली, आणि ती फाइल पुसून टाकली. त्यालाही एक छोटी ओळ लागते. कॉम्प्युटरने "नक्की का?" असंही विचारलं नाही.

बीड म्हणजे काही मुंबई नाही. गोष्ट आठवड्यात गावभर झाली, आणि हमीदभाईंना परत कुणी सर्वेला बोलावलं नाही. लोकांनी त्यांना नाव पाडलं — धाबा. त्यांनी मांजरसुंब्याच्या चौकात पंक्चरचं दुकान टाकलं. माझं मात्र छान चाललं. आज माझं स्वतःचं ऑफिस आहे. मुलं शिकायला येतात, तेव्हा पहिल्याच दिवशी बजावते: शेवटचे तीन आकडे विसरू नका, नाहीतर खुणा वायव्येला सरकतील. एकदा एका ऑफिसात असं झालं होतं, असंही सांगते. कुणी केलं होतं ते सांगत नाही.

परवा कपिलधारहून येताना मांजरसुंब्यापाशी आमच्या गाडीचं चाक बसलं. नवरा चाक घेऊन दुकानात गेला. मी गाडीतच बसून राहिले, काच वर करून. हमीदभाईंची दाढी पांढरी झाली आहे. ते वाकून ट्यूब पाण्यात फिरवत होते. तेवढ्यात पलीकडून एका ट्रकवाल्याने हाक मारली, "ए धाबा!" — आणि त्यांनी मान वर करून, अगदी सहज, "आलो आलो" म्हटलं. आपलंच नाव असल्यासारखं.

नवऱ्याने येऊन, माझं वाकडं झालेलं तोंड बघून विचारलं, हसतेस का गं? मी हसत नव्हते.

हमीदभाई घाटात गेले होते. प्रत्येक जागी, पायी. मला ते माहीत होतं.