मिस्त्रींचा शेवटचा हात

होडीच्या मोटारींच्या कामात मिस्त्रींचा हात धरणारा त्या नदीवर कोणी नव्हता. ही गोष्ट मिस्त्री स्वतः विसरत नसत आणि दुसऱ्यालाही विसरू देत नसत. तरुणपणी एकदा त्यांच्याकडून एक स्क्रू ढिला राहिला आणि भर पाण्यात अख्खी मोटार निखळून तळाला गेली. तेव्हापासून काम संपलं की ते शेवटचा हात फिरवायचे. पंख्यापासून टाकीच्या झाकणापर्यंत जे जे आवळता येईल ते आवळायचे. तोंडानं गप्पा चालू असायच्या, बोटं आपलं काम करायची. मिस्त्रींनी आवळलेलं सोडायची कोणाची छाती नव्हती.

आणि आता घरचीच मोटार त्यांचं नाक कापायला निघाली होती. त्यांची सून होडीतून माणसं पलीकडे पोचवायची. जुनी टाकी गळायला लागली म्हणून तिनं नवी घेतली, मिस्त्रींनी ती जोडून दिली, आणि त्याच आठवड्यात मोटारीला बंद पडायचा रोग जडला. मिस्त्रींच्या दुकानात, तिथल्या टाकीवर, पाण्याच्या पिंपात बुडवून चालवली की तासभर गुणी बाळासारखी चालायची. नदीत नेली की दहा मिनिटांत मान टाकायची. सोमवारी सून वल्ही मारत परतली. मिस्त्रींनी मोटार दुकानात नेली, दुरुस्त करून परत बसवली. बुधवारी सहा माणसं बसलेली असताना ती पुन्हा बंद पडली, तीही बंधाऱ्याच्या तोंडाशी. कशी कोण जाणे चालू झाली आणि माणसं वाचली.

"बाबा, मला वाटतं त्या टाकीचं..." घरी आल्यावर सुनेनं बोलून पाहिलं.

"मोटार मी दुरुस्त करतो का तू?"

मिस्त्रींनी प्लग बदलला, कार्ब्युरेटर उघडून धुतला, पेट्रोलची नळी नवी घातली. शुक्रवारी दोघंच चाचणीला निघाले. वरच्या धरणातून पाणी सोडलेलं, नदीला नुसती ओढ. धक्क्याची दोरी सोडताना सुनेनं पाहिलं, मिस्त्रींची बोटं मोटारीवरून, नळीवरून, टाकीवरून फिरली. तिनं तोंड उघडलं आणि परत मिटलं.

पाच मिनिटं झाली. आठ झाली. मिस्त्रींच्या मिशीत हसू दिसायला लागलं. मग आवाज बारीक झाला, मोटार दोनदा खोकली आणि थांबली. आता फक्त बंधाऱ्यावरून कोसळणाऱ्या पाण्याचा आवाज येत होता.

मिस्त्रींनी मोटार चालू करायची दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. सून जीव खाऊन वल्ही मारत होती, तरी होडी मागेच सरकत होती. बंधाऱ्याआधी तरंगणारी धोक्याची लाल पिंपं बाजूनं निघून गेली. मिस्त्रींनी नळीतला पेट्रोल चढवायचा रबरी फुगा दाबायला हात घातला, तर तो चोखून टाकल्यासारखा चपटा. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाबा, वल्ही धरा."

"थांब, प्लग बघतो..."

"धरा म्हणते ना!"

या आवाजात ती त्यांच्याशी कधी बोलली नव्हती. त्यांनी मुकाट्यानं वल्ही घेतली. ती टाकीपाशी वाकली आणि झाकणावरचा छोटा स्क्रू तिनं सोडला. फुस्स करून टाकीनं हवा आत ओढली. हळूहळू फुगा भरला. तिनं तो दाबला, दोरी ओढली. नाही. परत ओढली. नाही. होडीची मागची बाजू बंधाऱ्याच्या तुषारांनी भिजली. तिसऱ्यांदा मोटार पेटली.

होडी जोरात पुढे निघाली आणि लाल पिंपं पुन्हा मागे पडली.

त्या स्क्रूतूनच टाकीत हवा जायची. तो बंद केला की पेट्रोल थोडा वेळ येतं आणि मग अडतं. जुन्या झाकणाला नुसतं भोक होतं, त्यामुळे कधी प्रश्न आला नव्हता. मिस्त्रींना हे माहीत नव्हतं असं नाही. कितीतरी जणांना त्यांनीच हे शिकवलं होतं. फक्त त्यांच्या बोटांना ते कोणी सांगितलं नव्हतं.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"बुधवारपासून. तेव्हाही असंच केलं म्हणून चालू झाली."

"मग आज निघताना का नाही बोललीस?"

"तुम्ही परत आवळलात. म्हटलं, मिस्त्री आवळतायत म्हणजे काहीतरी कारण असेल." तिनं होडी धक्क्याकडे वळवली. "आणि परत तेच ऐकून घ्यायची इच्छा नव्हती."

मिस्त्रींना मरणाची लाज वाटली. दोघं बुडालो असतो, तर हिच्या न बोलण्यानं नाही, आपल्या बोलण्यानं बुडालो असतो, हे त्यांना लख्ख कळलं.

धक्क्यावर नावाडी जमलेच होते. "काय निघालं मिस्त्री?"

"पेट्रोलमध्ये कचरा होता," सून घाईनं म्हणाली.

"कचरा नव्हता," मिस्त्री मोठ्यानं म्हणाले. "हवेचा स्क्रू मी आवळून ठेवत होतो. तीनदा. ही सांगायला आली, तर हिच्यावरच ओरडलो."

कोणी हसलं नाही. पलीकडे जाणारी माणसं होडीत चढायला लागली. मिस्त्रींची बोटं सवयीनं टाकीकडे निघाली आणि मध्येच थांबली. त्यांनी हात पाठीमागे धरले.

"शेवटचा हात तू फिरव," ते सुनेला म्हणाले. "मी बघतो."

तिनं एकेक स्क्रू तपासला. झाकणाशी आल्यावर तिनं वर पाहिलं. मिस्त्रींनी मान डोलावली, आणि तिनं तो तसाच मोकळा सोडला.