पोपटी भिंतीसमोर कोणी मरत नाही

"बाई, भिंत बघा!" आमचा डिरेक्टर सतीश दारातच डोक्याला हात लावून उभा होता.

मी आत डोकावले. कालपर्यंत धुराने काळवंडलेली, पोपडे आलेली भिंत चकचकीत पोपटी झाली होती. दारं पोपटी, खुंट्याही पोपटी. उरलेला रंग बैलांच्या शिंगांना लावला होता.

"कसा दिसतोय?" घरमालकीण शेवंताकाकू पदराला हात पुसत पुढे आल्या. "लग्नाला रंग काढतो आपण, मग टीव्हीला नको?"

"काकू, वाट लावलीत माझी!" मी ओरडले.

काकूंचं तोंड एवढंसं झालं. त्या तडक चुलीकडे निघून गेल्या आणि मग दिवसभर आमच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत.

नव्वद सालाच्या आसपासची ही गोष्ट. प्रोड्यूसर म्हणजे नक्की काय करतेस, असं मला सासूबाईंपासून सगळे विचारायचे. सेटवर जे काही बिघडतं त्याचं खापर ज्याच्या डोक्यावर फुटतं तो प्रोड्यूसर. ती बाई असली, की लोक तिलाच येऊन विचारतात, "साहेब कधी येणार?"

बदलापूर गावातलं हे घर मी स्वतः हुडकलं होतं, केवळ त्या कळकट भिंतीसाठी. आमच्या मालिकेतला गरीब बाप इथे मरणार होता. आदल्या दिवशी अर्धा सीन झाला होता. डॉक्टर नाडी बघून "आशा नाही" म्हणाले, मुलगी रडली, पॅक-अप. आज बापाने मुलीचा हात धरून प्राण सोडायचा होता. आता एकाच सीनमध्ये भिंत अर्धी काळी, अर्धी पोपटी कशी चालेल? शॉटला शॉट जुळण्याला आम्ही कंटिन्युइटी म्हणतो. कालचं परत शूट करायचं तर डॉक्टर झालेले गृहस्थ पुण्याला आपल्या बँकेत बसले होते. आणि उद्या टीव्ही केंद्रावर टेप पोचली नाही, तर मालिका बंद, असं मला वरून स्पष्ट सांगितलेलं.

"काजळी फासू या," सतीश म्हणाला.

कॅमेरामनने भिंतीला बोट लावलं. बोट पोपटी झालं. रंग अजून ओला होता.

"मग आता?" मी विचारलं.

मरणारे मोहनमामा खाटेवर चहा पीत बसले होते. अंबरनाथला फॅक्टरीत ड्युटी करून नटाचं काम करणारा हा सज्जन माणूस. खाकरून म्हणाले, "बाई, एक सुचवू? मी बरा झालो तर?"

"काय?"

"म्हणजे, काही महिन्यांनंतर. बाप बरा झाला, त्या आनंदात पोरीने घराला रंग काढला. पोपटी भिंतीसमोर माणूस मरताना बरा दिसतो का?"

सतीश माझ्याकडे बघायला लागला. मी घड्याळाकडे बघितलं. दुसरा इलाज नव्हता. पडद्यावर "काही महिन्यांनंतर" अशी पाटी टाकायचं ठरलं. मामांनी खाटेवरून टुणकन उडी मारली आणि असे काही ठणठणीत संवाद म्हटले, की सतीशला सांगावं लागलं, "मामा, जरा तरी अशक्त दिसा, आजारी होतात ना!"

टेप वेळेवर पोचली. मालिका वाचली, आणि बापही शेवटच्या भागापर्यंत जगला.

पण शूटिंग संपलं त्या संध्याकाळी सामान भरताना काकू एकदाच्या बोलल्या. "आवडत नव्हता तर रंग पाठवलात कशाला?"

"मी? कधी?"

"काल तुमची गाडी गेल्यावर ते तुमचे मरणारे मामा परत नाही का आले रिक्षातून? उल्हासनगरहून डबे घेऊन. म्हणाले, बाईंनी पाठवलाय, रातोरात लावून टाका."

मी वळून बघितलं. मामा अंगणात तांदळाची भाकरी खात होते. नखांत पोपटी रंग.

"मामा!"

"बाई, रागावू नका. प्रत्येक मालिकेत मला दुसऱ्या भागात मारतात हो! घरून निघालो की बायको विचारते, आज कुठे मरायला चाललात?"

मला इतकं हसू फुटलं, की ओरडायचं राहूनच गेलं. काकूंची मात्र हात जोडून माफी मागितली.

त्यानंतर मी एक नियम केला. ज्याला उद्या मरायचं आहे, त्याला आज माझ्या गाडीतून थेट घरी सोडायचं. आणि वाटेत रंगाचं दुकान लागलं, तर गाडी थांबवायची नाही.