परातभर खाऊन बारीक झालेला माणूस

मशीनवर माणूस कामाचं बोलतो, पण डबा उघडला की घरचं बोलायला लागतो. म्हणून कारखान्यातले सगळे किस्से जेवणाच्या सुट्टीत जन्माला येतात. नागापूरच्या एमआयडीसीत आमचा व्हॉल्व्ह बनवायचा कारखाना आहे. तिथं खिडकीजवळच्या टेबलावर आम्ही तिघं बसतो: मी, स्टोअर सांभाळणारे साळवेदादा आणि असेंब्लीतला फिटर अंकुश. गेल्या वर्षभरात त्या टेबलावर साठलेले निम्मे किस्से अंकुशच्या खाण्याचे आहेत. आणि ते सगळे मी जळत जळत बघितलेत. उगाच खोटं कशाला बोलू!

*

अंकुश मूळचा पाथर्डीकडचा. खाण्यात एकदम दणकट. कारखान्यात डॉक्टर तपासणीला आले, तेव्हा आम्हा दोघांचीही शुगर काठावर निघाली. "वजन उतरवा, नाहीतर गोळ्या सुरू कराव्या लागतील," डॉक्टर म्हणाले.

मी तिथल्या तिथं ठरवलं, आजपासून निम्मं खायचं. अंकुश मात्र खुर्चीवरून उठेना.

"साहेब, अर्धपोटी मला झोप लागत न्हाई. पोट भरून काय खाऊ, त्ये सांगा."

डॉक्टर हसले. "काकडी, कोबी, दुधी, पालेभाज्या, पातळ ताक. थोडी मोडाची उसळ. हे भरपूर खा."

"भरपूर म्हंजी किती?"

"हवं तेवढं."

डॉक्टरांनी अंकुशला जेवताना कधी पाहिलेलं नव्हतं!

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अरे, असला पाला खाऊन कुणाचं भागतं का?"

तो चालता चालता थांबला. "आमच्या वडलांचा पाय शुगरनं गेला, भाऊसाहेब. मला पाय ठिवायचाय. आन पोटबी."

 

*

सोमवारी तो डबा घेऊन आला. डबा कसला, घरात आपण पीठ ठेवतो तसलं पिंप! त्यात वरपर्यंत कोबीची कोशिंबीर, खाली दुधीचा पातळ रस्सा, बाजूला मटकीची उसळ, एक ज्वारीची भाकरी आणि ताकाची भलीमोठी बाटली. सगळं त्यानं एका परातीत ओतलं. हो, परातसुद्धा घरून आणलेली!

साळवेदादांनी विचारलं, "अंकुश, हे किती जणांचं?"

"माजं एकट्याचं."

माझ्या डब्यात पुरीएवढ्या दोन चपात्या आणि चमचाभर भाजी. चार घासांत माझं जेवण आटपलं. अंकुश मात्र सुट्टी संपल्याचा भोंगा होईपर्यंत करकर चावत होता. शेवटी त्यानं अशी तृप्त ढेकर दिली, की शिफ्ट सुटेपर्यंत ती माझ्या पोटात घुमत राहिली.

*

एकदा त्याच्याबरोबर बाजारात गेलो. काकड्यांचा अख्खा ढीग त्यानं पिशवीत भरायला घेतला. विकणाऱ्या मावशी म्हणाल्या, "लगीन हाय का घरी?"

"न्हाई, मावशी."

"मंग खानावळ हाय?"

"न्हाई वो. दुपारचं जेवान हाय."

मावशींनी त्याला खालून वर न्याहाळलं. तोवर तो बराच उतरला होता. मग त्यांची नजर माझ्यावर आली.

"मंग ढेरी ह्यांची कशी?"

अख्खा बाजार सोडून त्या माऊलीला हाच प्रश्न सुचावा!

*

पाथर्डीला अंकुशच्या चुलतभावाचं लग्न होतं. आम्हालाही आमंत्रण. पंगतीत जिलेबी आली, अंकुशनं पानावर हात आडवा धरला. मसालेभात आला, परत हात आडवा. कोशिंबीर आली की मात्र, "वाढ, वाढ, अजून वाढ!" नवऱ्या मुलाचे वडील घाबरले. त्यांना वाटलं, पुतण्या रुसला. मानपानात काही राहिलं का, म्हणून त्यांनी दोन माणसं समजूत काढायला पाठवली. एक जण तर टोपी काढून उभा राहिला.

"अंकुशराव, झालं गेलं इसरा, पन एक जिलेबी खा!"

शेवटी भानगड काय आहे हे बघायला आचारीच बाहेर आला. त्याला सगळं कळलं तेव्हा तो कोशिंबिरीचं पातेलंच उचलून घेऊन आला आणि अंकुशसमोर ठेवून म्हणाला, "इतकी लग्नं केली, पन कोशिंबिरीसाठी मला बाहेर बोलावनारा तुमी पयला मानूस!"

मी जिलेबी खाल्ली. दुसऱ्यांदा वाढायला कुणी आलंच नाही. सगळे वाढपी अंकुशभोवती!

*

मग मीही ठरवलं, आपणही हेच करायचं. बायकोला, सुनीताला, म्हटलं, "उद्यापासून मला काकडीची कोशिंबीर. डबा भरून."

तिनं केली. मला ती जरा फिकी वाटली, म्हणून वरून दाण्याचं कूट घातलं. मग वर फोडणी हवीच. फोडणी आली म्हणून थोडी साखर, आणि कुरकुरीत लागावं म्हणून मूठभर शेव. महिनाभर निष्ठेनं खाल्ली आणि वजनकाट्यावर उभा राहिलो. काटा वर!

"हा काय अन्याय आहे?" मी ओरडलो. "अंकुशपेक्षा कमी कोशिंबीर खातो मी!"

सुनीतानं माझा डबा समोर धरला. "यात काकडी कुठं आहे, ती मला शोधून दाखवा."

*

यापेक्षाही जिव्हारी लागला तो शर्टाचा किस्सा. अंकुशला कंपनीनं लहान मापाचा युनिफॉर्म दिला. जुने शर्ट त्यानं धुऊन, इस्त्री करून पिशवीतून आणले आणि सगळ्यांदेखत माझ्यापुढं ठेवले.

"भाऊसाहेब, फेकून देन्यापरीस तुमाला होत्याल."

मी रागानं म्हणालो, "मला? तुझे? सदऱ्यात हरवून जाईन मी!"

साळवेदादा म्हणाले, "घालून तर बघा."

घातला. अगदी मापात बसला.

*

आता शेवटचा. एका सकाळी अंकुशची गाडी बंद पडली, म्हणून त्याला घ्यायला त्याच्या घरी गेलो. तो अंघोळीला गेला होता. त्याची बायको, मंगलवहिनी, स्वयंपाकघरात विळीवर बसल्या होत्या. एका बाजूला कोबीचे गड्डे, दुसऱ्या बाजूला चिरलेल्या कोबीचा डोंगर. दुधी सोलून ठेवलेले, मेथी अजून निवडायची होती. वहिनींनी तिथूनच मला बसायला सांगितलं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "वहिनी, खरं सांगू? मला अंकुशचा लई हेवा वाटतो. एवढं खातो आणि बारीक होतो!"

त्यांनी विळीवरची नजर काही काढली नाही.

"मला सुनीतावहिनींचा वाटतो."

"तिचा? तिचा का?"

"तुमी आता परत दोनच चपात्या नेता ना, भाऊजी?"

 मागं वळून बघितलं, तर अंकुश दारात उभा. डोकं पुसायला घेतलेला टॉवेल तसाच हातात. मला वाटलं, आता काहीतरी चिडून बोलेल. पण तो चिरलेल्या कोबीच्या डोंगराकडं बघत होता.  

दुसऱ्या दिवशी जेवायला बसलो. परातीत कोशिंबीर नेहमीएवढीच होती, पण कोबीचे तुकडे चांगले बोटाएवढे जाड. अंकुशच्या अंगठ्याला पट्टी होती.

साळवेदादा म्हणाले, "काय रे, मशीनवर लागलं?"

अंकुशनं मोठा घास तोंडात घातला आणि चावत चावत म्हणाला, "न्हाई. विळीवर."