दोब्रोमिलची अकरा मिनिटं

दोब्रोमिल स्काल्निक हा चेक देशातल्या ब्र्नो शहरातला एक साधा नोकरदार माणूस. वय चौपन्न, उजवा गुडघा दुखरा. सकाळी आठच्या ट्रामने कामाला, पाचच्या ट्रामने घरी, आणि शरद ऋतूत दर शनिवारी टोपली घेऊन रानात, आळंबी वेचायला. शेजाऱ्यांना त्याचं काम काय ते धड माहीत नव्हतं. पण एका हजार-दीड हजार ओळींच्या राज्याचा तो राजा होता, आणि राजांचं जे होतं तेच त्याचं झालं. दुसरं कुणी हुशार निघालं की त्याच्या पोटात दुखायचं.

त्या ओळी कर्नलमधल्या. संगणकातल्या सगळ्या प्रोग्रॅमांना जागा वाटून देणारा कारभारी म्हणजे कर्नल. त्यात विखुरलेली मेमरी एकत्र गोळा करणारा जो भाग, तो दोब्रोमिलचा. बायकोला, यार्मिलाला, त्याने एकदा समजावून सांगितलं होतं.

"हे बघ, खानावळीत दर टेबलाला एकेक म्हातारा बिअर घेऊन बसलाय. खुर्च्या रिकाम्या पुष्कळ, पण सलग आठ कुठेच नाहीत. अशात आठ जणांचं टोळकं आलं. काय करशील?"

"म्हाताऱ्यांना उठवीन आणि एका कोपऱ्यात बसवीन."

"बस्स, हेच माझं काम! माझे दोन वेटर. एक दारापासून एकटे बसलेले म्हातारे शोधत निघतो, दुसरा मागच्या भिंतीपासून रिकाम्या खुर्च्या शोधत येतो. मधे दोघं भेटले की काम संपलं."

"आणि याचा तुला पगार देतात?" यार्मिला म्हणाली आणि बटाटे सोलायला लागली.

तर असं सुखाने चाललं होतं. मग दोन वर्षांपूर्वी हेद्विका मालिनोवा ऑफिसात आली. एकोणतीस वर्षांची, सायकलवरून येणारी, दुपारी डब्यातलं थंड सूप गरम न करताच पिणारी. ऑफिसात सगळे एकमेकांना अरे-तुरे करत. पण आमच्याकडे रीत अशी, की मोठ्याने आधी म्हणायचं, 'मला तू म्हण.' दोब्रोमिलने ते हेद्विकाला कधी म्हटलं नाही. म्हणून ती बिचारी त्याच्याशी अहो-जाहो करत राहिली.

या वसंतात तिने मेलिंग लिस्टवर पॅच, म्हणजे दोब्रोमिलच्या ओळींत करायचा बदल, पाठवला. कर्नलचं सगळं काम असं चव्हाट्यावर चालतं. आपला बदल जगासमोर टाकायचा आणि जगाने त्याची सालं काढायची. हेद्विकाचं म्हणणं एवढंच, की दुसरा वेटर एकेक खुर्ची चाचपत का फिरतो? रिकाम्या खुर्च्यांची यादी गल्ल्यावर टांगलेलीच आहे की! ती वाचा आणि सरळ तिथे जा.

दोब्रोमिलने ते वाचलं आणि त्याचे कान तापले. का, तर हेच त्याला बारा वर्षांपूर्वी सुचलं होतं! त्याने करूनही पाहिलं होतं. मोजलं, काडीचा फरक दिसला नाही, आणि त्याने लिस्टवर लिहून टाकलं, 'या वाटेत काही नाही.' तेव्हापासून कुणालाही ही कल्पना सुचली की लोक त्याला ते जुनं पत्र दाखवायचे. माणूस निमूट परत जायचा.

हेद्विका परत गेली नाही. उलट पॅचच्या माथ्यावर तिने लिहिलं होतं, 'ही कल्पना पूर्वी दोब्रोमिल स्काल्निक यांनी तपासली होती. त्यांना उपयोग दिसला नव्हता.'

"वाचलंस?" दोब्रोमिल समोरच्या टेबलावरच्या एव्झेनला म्हणाला. दोघं वीस वर्षं एका खोलीत. "जगासमोर माझी शोभा करते कार्टी!"

"अरे, नाव घेतलंय तुझं. मान दिलाय."

"मान? 'म्हाताऱ्याला जमलं नाही, मला जमलं', असा अर्थ होतो त्याचा!"

"तूच लावतोस तो अर्थ," एव्झेन म्हणाला. "तुला रागवायला निमित्त हवंच होतं, तिने ताटात वाढलं."

आता खरी गोम अशी. मेमरीच्या सगळ्या भागाचा जो राखणदार, तो दूर परदेशात बसतो. त्याने लिस्टवर एक ओळ टाकली, 'दोब्रोमिल हो म्हणाला तर या आवृत्तीत घेतो.' म्हणजे हेद्विकाच्या वर्षभराच्या कामाची किल्ली दोब्रोमिलच्या खिशात. आणि त्याला ती काढायची नव्हती. नाही म्हणायलाही कारण सापडेना. वाईट पॅच असता तर त्याने दहा मिनिटांत उडवला असता. पण पॅच देखणा होता आणि तेच त्याला सलत होतं.

आधी त्याने बारीकसारीक खोड्या काढल्या. इथे स्पेस नको, टॅब हवा. ही टीप लांब झाली. या फंक्शनचं नाव बरं नाही. हेद्विकाने तासाभरात सगळं दुरुस्त करून 'आभारी आहे' असं उत्तर धाडलं. त्या 'आभारी आहे'ने तर त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

मग त्याला तिच्या पॅचमध्ये एक फट दिसली. ती तिनेच दाखवली होती. 'फायदा अठरा टक्के. मात्र माझ्याकडची यंत्रं रोज पुसून नव्याने चालू होतात. फार दिवस चाललेल्या यंत्रावर तपासता आलं नाही.' दोब्रोमिल खुर्चीत ताठ बसला. खानावळ नुकती उघडली असताना मोजणं वेगळं आणि भर गर्दीत मोजणं वेगळं. जुन्या, विस्कटलेल्या मेमरीत हिची यादी गोंधळणार, फायद्याचा तोटा होणार!

टेबलाखाली त्याची दोन जुळी यंत्रं होती. एकावर जुना कर्नल चढवला, दुसऱ्यावर हेद्विकाचा. दोन्हींना सारखंच काम लावून दिलं आणि लिस्टवर लिहिलं, 'तपासतो आहे.' किती दिवस, ते लिहिलं नाही.

एक आठवडा गेला, दोन गेले. हेद्विकाचं नम्र स्मरणपत्र आलं. चौथ्या आठवड्यात दुसरं आलं. यार्मिला जेवताना म्हणाली, "हल्ली ताटातल्या क्नेडलीकच्या गोळ्यात अशी सुरी खुपसतोस, जसं काही त्यानेच तुझं वाटोळं केलंय. कोण आहे ती?"

"ती कोण म्हणजे? ऑफिसातली एक पोरगी आहे."

"अगं बाई! या वयात?"

"तसं नाही गं! हुशार आहे ती."

"म्हणजे जास्तच वाईट," यार्मिला म्हणाली.

पाचवा आठवडा संपत आला. शुक्रवारी संध्याकाळी या आवृत्तीसाठी राखणदाराची झोळी बंद होणार होती. गुरुवारी सकाळी दोब्रोमिलने कॉफी ओतली, दार लावून घेतलं आणि दोन्ही यंत्रांवर मोजणी चालवली. आकडा पाहिला. पुन्हा चालवली. तिसऱ्यांदाही तेच. एकसष्ट टक्के. अठरा नव्हे, एकसष्ट! यंत्र जितकं जुनं तितका तिचा पॅच जास्त धावत होता. तिला स्वतःला माहीत नव्हतं इतकं तिचं काम चांगलं होतं. आणि ही गोष्ट अख्ख्या जगात एकट्या दोब्रोमिलला ठाऊक होती. गाढवासारखे पाच आठवडे राबून त्याने तिचाच विजय मोजून काढला होता.

पण मग, बारा वर्षांपूर्वी मला काहीच कसं दिसलं नाही? त्याने लिस्टच्या दप्तरातून ते जुनं पत्र काढलं. खाली त्यानेच जोडलेली यंत्राची नोंद होती. पहिल्याच ओळीत यंत्र चालू होऊन किती वेळ झाला ते लिहिलेलं. अकरा मिनिटं.

नवा कर्नल चढवला की यंत्र बंद करून चालू करावंच लागतं. बेचाळिशीतल्या दोब्रोमिलने उतावीळपणे यंत्र चालू केलं आणि लगेच मोजायला बसला. खानावळीत तेव्हा एकही म्हातारा आलेला नव्हता! रिकाम्या खुर्च्याच खुर्च्या. यादी वाचा नाहीतर चाचपत फिरा, सारखंच. एवढ्यावर त्याने 'या वाटेत काही नाही' असं ठोकून दिलं, आणि जगाने बारा वर्षं ते खरं मानलं. वाटही त्याचीच होती आणि तिच्यावर धोंडा ठेवणाराही तोच.

"काय झालं? तोंड का असं?" एव्झेनने विचारलं.

"काही नाही. कॉफी कडू आहे."

त्या दिवशी त्याने लिस्टवर काही टाकलं नाही. नुसतं 'हरकत नाही' एवढं लिहून मोकळं होता आलं असतं. पॅच स्वीकारला गेला असता, अठरा टक्क्यांवर, आणि ती अकरा मिनिटं दप्तरात पडून राहिली असती. ट्राममध्ये तो हाच विचार करत बसला आणि एक थांबा पुढे गेला. पण हळूहळू त्याला दुसरंच सुचायला लागलं. आपण होऊन चूक कबूल केली, चव्हाट्यावर, तर? लोक म्हणतील, पाहा, केवढ्या मोठ्या मनाचा माणूस! पॅच तिचा, पण मोठेपणा माझा. तिथे काही ती पोचायची नाही. या विचाराने त्याला फार दिवसांनी बरं वाटलं.

शुक्रवारी सकाळी नऊला त्याने लिस्टवर पत्र टाकलं. एकसष्ट टक्क्यांचे तक्ते दिले, आपला होकार दिला, आणि शेवटी लिहिलं, 'बारा वर्षांपूर्वीची माझी तपासणी चुकीची होती. यंत्र अकरा मिनिटांपूर्वी चालू केलेलं होतं. ते पत्र कृपया कुणी प्रमाण मानू नये.' राखणदाराने दहाच्या आत पॅच आवृत्तीत घेतला. चार देशांतून दोब्रोमिलला शाबासकी आली. एव्झेन उठून त्याच्या पाठीवर थाप मारून गेला.

अकराच्या सुमारास हेद्विका त्याच्या टेबलाशी आली. डोळे लाल दिसत होते.

"एकसष्ट! मला वाटलं होतं तुम्ही पॅच बुडवणार."

"तसाच विचार होता," दोब्रोमिल म्हणाला. आज त्याला खरं बोलणं परवडत होतं. "आणि ती अकरा मिनिटं... म्हटलं, सांगून टाकावं. आपली चूक लपवण्यात काय अर्थ आहे?"

"ते मला माहीत होतं," ती हळूच म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"अकरा मिनिटांचं. काम सुरू केलं त्याच आठवड्यात तुमचं पत्र वाचलं. खाली नोंद होतीच की."

दोब्रोमिलचा हात कपावरच राहिला. "मग पॅचमध्ये लिहिलं का नाहीस? एका ओळीत माझा निकाल लागला असता! पाच आठवडे माझी मनधरणी कशाला करत बसलीस?"

"एव्झेनही म्हणाला होता, लिही म्हणून. पण चूक तुमची होती, ती मी कशाला जगाला सांगू? 'उपयोग दिसला नव्हता' एवढंच लिहिलं. ते खोटंही नव्हतं. पॅच घेतला गेला नसता तरी मी ते लिहिलं नसतं."

एवढं बोलून ती सूप प्यायला निघून गेली. दोब्रोमिलने एव्झेनकडे पाहिलं. एव्झेन पडद्यात डोकं घालून काहीतरी वाचत असल्याचं सोंग करत होता.

पॅच तिचा स्वीकारला गेला, ते त्याने कसंबसं गिळलं होतं. मनाचा मोठेपणा तेवढा आपल्या वाट्याला ठेवला होता, आणि तो कालच्या दिवसभरात, ट्रामचा एक थांबा चुकवून, मोठ्या कष्टाने जमवला होता. आता कळलं, की तो तिच्याकडे वर्षभर होता आणि तिने कुणाला दाखवलाही नव्हता.

तोपर्यंत त्याला तिच्या फक्त अकलेचा हेवा वाटत होता.